कार्डांचा शिंपी

मी एक जुना सिमकटर आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी स्टेपलर नाही. पांढुर्ण्याच्या अतुलभाऊंच्या मोबाईल दुकानात मी बारा वर्षे आहे, आणि या काळात कितीतरी जणांनी मला उचलून कागदाला पिना मारायचा प्रयत्न केला. कागद चुरगळतो, पिन काही निघत नाही, आणि दोष मला देतात! दिसतो मी थोडा तसा, हे कबूल. पण माझी विद्या वेगळी आहे.

सिमकार्ड पहिल्यांदा आले, तेव्हा ते म्हणे एटीएमच्या कार्डाएवढे होते. हे माझे ऐकीव ज्ञान. पुढे ते अंगठ्याच्या पेराएवढे झाले. मग त्याहून लहान मायक्रो आले आणि त्यामागून करंगळीच्या नखाएवढे नॅनो. गंमत बघा, फोन दरवर्षी मोठे होत गेले आणि कार्ड आपले लहान लहान! लोक हौसेने नवा फोन घ्यायचे, जुने कार्ड त्यात बसायचे नाही, आणि बिचारे घाबरून दुकानात धावायचे.

माझ्या एका टोकाला मायक्रोचे माप आहे, दुसऱ्या टोकाला नॅनोचे. कार्ड माझ्या तोंडात ठेवायचे, दांडा दाबायचा, खट्! कडेचे प्लास्टिक खाली आणि नंबर शाबूत. दिवाळीच्या आठवड्यात माझ्यापुढे रांग लागायची. सौंसरहूनही माणसे यायची. "अतुलभाऊ म्हणजे कार्डांचा शिंपी आहे," असे म्हणायची. दात माझे आणि नाव अतुलभाऊंचे! तरी मला त्याचा अभिमानच वाटायचा.

मग एक दिवस घात झाला. अनुराधा मॅडम कार्ड घेऊन आल्या. त्या शाळेत शिकवत. अतुलभाऊ बोलण्याच्या नादात होते, त्यांनी कार्ड उलटे ठेवले आणि दांडा दाबला. मी काय करणार? दिले ते कापले. चिपचे दोन तुकडे झाले. नंबर मॅडमच्या स्वतःच्या नावावर होता, म्हणून त्यांना दोन दिवसांत दुसरे कार्ड मिळाले. पण अतुलभाऊंच्या मनाने धास्ती घेतली. त्यातच कंपन्यांची नवी कार्डे तिन्ही मापांना आधीच खाचा पाडून येऊ लागली. अंगठ्याने दाबले की हवे ते माप सुटे. गरज सरो, वैद्य मरो! मी खणात गेलो. रबरबँड, मेलेल्या बॅटऱ्या आणि मी. बिजागरीला गंज चढला. फार वाईट वाटायचे, मित्रांनो, खोटे कशाला बोलू?

या जानेवारीत एका दुपारी सोनाली दुकानात आली. ही तुळशीराम मिस्त्रींची मुलगी. तिगाव ते रामाकोना, या पट्ट्यात विहिरीवरची मोटर जळली की लोक तुळशीरामजींना फोन करायचे. त्यांनी लेकीला मोटरचे वाइंडिंग, म्हणजे तांब्याची तार गुंडाळणे, शिकवले, आणि दोन वर्षांपूर्वी ते वारले. तोच नंबर आता सोनाली चालवते. सुरुवातीला बाईचा आवाज ऐकून लोक फोन ठेवून द्यायचे. तिने एकेक मोटर दुरुस्त करून त्यांची खात्री पटवली. तिचे आणि आईचे, चंद्रकलाबाईंचे, घर या नंबरवर चालते.

तिने काउंटरवर एक फुटका फोन आणि कोपरा तुटलेले सिमकार्ड ठेवले. कार्ड जुने, मोठ्या मापाचे होते.

"अतुलभाऊ, परवा विहिरीतून मोटर वर घेऊन राहिली होती, तं चेनपुलीचा हूक खिशावर आदळला. फोन गेला. हे कार्ड कोणत्याच फोनमध्ये बसून नाही राहिलं जी."

"मग दुसरं कार्ड काढून घे ना वं."

"गेली होती कंपनीच्या दुकानात. ते म्हणतात, ज्याच्या नावावर आहे त्याले आणा. आता बाबाले कुठून आणू? कागद देले, पण नाव बदलाले दिवस लागतात म्हणे. गव्हाले पाणी चालू आहे, रोज कोणाची ना कोणाची मोटर जळून राहिली. फोन नाही लागला, तं लोक दुसऱ्या मिस्त्रीकडे जातीन. एकदा गेले तं परत येत नाहीत जी."

अतुलभाऊंनी कार्ड उजेडात धरले. चीर कडेच्या प्लास्टिकमध्ये होती, चिपपर्यंत पोचली नव्हती. नॅनोच्या मापाने कापले तर तुटका भाग सगळा गळून पडला असता. पण जुन्या कार्डाचा चिपवरचा सोनेरी पत्रा रुंद असतो. केसभर इकडेतिकडे झाले, की तुळशीरामजींचा नंबर संपला.

त्यांनी खण उघडून मला बाहेर काढले. दांडा दाबून बघितला, तर मी अडकलो. लाज वाटली मला!

"थांबा," सोनाली म्हणाली. "हा जाम झाला."

तिने पिशवीतून तेलाची कुपी काढली आणि बिजागरीत दोन थेंब सोडले. दांडा आठदहा वेळा हलवला. किती वर्षांनी कुणी माझी अशी विचारपूस केली! अंग मोकळे झाले.

"माझ्याच्यानं नाही होणार," अतुलभाऊ म्हणाले. "मागं एकीचं कार्ड वाया घालवलं मी. तुझं गेलं तं?"

"मंग मी दाबतो," ती म्हणाली.

तांब्याच्या तारेचा एकेक वेढा बसवणारा तो हात. तिने कार्ड ठेवले, वाकून बघितले, पुन्हा किंचित सरकवले. घाई नाही. मग श्वास रोखून तिने दांडा दाबला. मी माझे सगळे बळ एकवटले.

खट्!

काप असा सरळ बसला, की मीच स्वतःवर खूश झालो. जुने कार्ड नॅनोपेक्षा जाड असते, म्हणून तिने मागची बाजू पॉलिश पेपरवर हलकेच घासली. अतुलभाऊंनी ते इवलेसे कार्ड आपल्या स्वतःच्या फोनमध्ये घातले. तिघेही टक लावून बसलो. मला डोळे नाहीत, पण तरीही. आधी काहीच नाही. मग नेटवर्कची एक काडी, दोन काड्या, चार काड्या!

"आलं वं, आलं!" अतुलभाऊ ओरडले. शेजारच्या चहावाल्याने डोकावून बघितले.

मित्रांनो, तुमच्या घरचा नंबर कुणाच्या नावावर आहे, ते आजच विचारा आणि माणूस असतानाच कागद नीट करा. आता तर कार्डाशिवाय चालणारे सिमही आले आहे. येऊ दे, मला त्याचे भय नाही. जुन्या अवजाराला मात्र फेकण्याआधी दोन थेंब तेल देऊन बघा.

हे सगळे मी मनात म्हणत होतो, तोच फोन वाजला. सोनालीने झडप घालून उचलला. पलीकडून रामाकोन्याचे सुखदेव पाटील इतक्या मोठ्याने बोलत होते, की मलाही ऐकू आले.

"दोन दिवसांपासून फोन लावून राहिलो ना ताई! दुसरा मिस्त्री दारात येऊन गेला, मी मोटरीले हात नाही लावू देला. तुम्हीच या."