वाळूवरचा तिसरा

जळी, स्थळी आणि जिथे पोहोचताना उजेडही दमतो अशा तळाशी जो आपल्या आधीच येऊन बसलेला असतो, त्या जगन्नियंत्याला प्रथम वंदन. श्वास त्याचा, आपण केवळ सांभाळणारे. एवढे स्मरण ठेवून ही हकीकत सांगतो.

कॅरिबियन समुद्रातल्या कॅरियाकू बेटावर वाटेत भेटलेल्या माणसाला नमस्कार न करता पुढे जाणे म्हणजे त्याला मेलेला समजणे. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, कुणाच्या अंगणावरून जाताना आधी नमस्कार होतो आणि मग काम निघते. एथेलबर्ट ईनो याच वळणात वाढलेला. त्याची आई मात्र नावाड्याची लेक होती, आणि तिने या रीतीला लहानपणीच एक गाठ मारून ठेवली होती : "जमिनीवर दिसेल त्याला नमस्कार कर, बाळा. पाण्यात मात्र आपण नेलेल्यांनाच."

मोठेपणी एथेलबर्टने पोट भरण्यासाठी पाणीच निवडले. बेटावर फिरायला येणाऱ्यांना तो पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवी. बुडी मारण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटून तो प्रभूला म्हणे, "ही माणसं तुझी आहेत, मी फक्त हात धरणारा." आजवर त्याने खाली नेलेले प्रत्येक माणूस वर आणले होते, आणि साऱ्या आयुष्यात त्याला अभिमान होता तो एवढ्याच गोष्टीचा.

त्या आठवड्यात बार्बाडोसहून दोन बहिणी आल्या. ऊना ही थोरली, शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या पदावरून नुकतीच मोकळी झालेली. मार्वा धाकटी, पावाची भट्टी चालवणारी.

"ताई, टाकी तुझ्या पाठीवर आहे की तू टाकीच्या पाठीवर?" मार्वाने विचारले.

"तू आधी नळी तोंडात घाल," ऊना म्हणाली. "तेवढा वेळ तरी जगाला शांतता मिळेल."

होडी धरून बसलेला लेनॉक्स, एथेलबर्टच्या बायकोचा भाऊ, खो खो हसला. "दाजी, न्या यांना लवकर. मासे कधीपासून करमणुकीची वाट बघतायत."

खाली, खडकांच्या आड पांढऱ्या वाळूचे एक अंगण होते. नवशिक्यांना तिथे रांगेत गुडघ्यांवर बसवून एथेलबर्ट प्रत्येकाकडे वळे आणि अंगठा व तर्जनी जुळवून विचारी : ठीक आहे ना? पाण्याखालचा नमस्कार तो हाच. ऊनाने शिस्तीत उत्तर दिले. मार्वाने नुसता अंगठा वर केला. त्याचा अर्थ 'वर चला' असा होतो, म्हणून त्याने मान हलवून तिची बोटे जुळवून दिली. मग त्याच लयीत तो पुढे वळला, बोटे जुळवून विचारले, आणि त्याला उत्तरही मिळाले.

उत्तर मिळाल्यावर त्याच्या ध्यानात आले की रांगेत तिसरे कुणी नव्हते.

पण होते. मार्वाच्या पलीकडे, हातभर अंतर राखून, एक जण गुडघ्यांवर बसला होता. पाठ ताठ, हात मांडीवर. मास्कच्या काचेवर उजेड साचलेला, त्यामुळे आतला चेहरा दिसत नव्हता. वर्गात उशिरा येऊन मागच्या बाकावर निमूट बसावे तसा तो बसला होता.

वर आल्यावर एथेलबर्टने चौफेर पाहिले. समुद्र रिकामा होता.

"लेनॉक्स, दुसरी होडी आली होती?"

"कुठली होडी? एक पेलिकन पक्षी आला होता, तोही कंटाळून गेला."

रात्री जेवताना त्याने बायकोला हे सांगितले. जॉयसलिन तुरीच्या दाण्यांची आमटी वाढत होती. तिचा हात थांबला.

"तुम्ही आधी विचारलंत, की त्याने?"

"हात आपोआप उठला."

"आणि त्याने उत्तर दिलं."

"दिलं."

तिने आमटीचे भांडे खाली ठेवले. मग म्हणाली, "उद्या जाऊ नका."

"मी नाही गेलो तर त्यांना दुसरा कुणी नेईल. त्याला यातलं काही ठाऊक नसेल."

"ठाऊक असलेला माणूस वाचतो, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी त्या बाजूला पाहायचेच नाही असा निश्चय करून तो उतरला. परंतु ज्याच्याकडे पाहायचे नाही त्याची जागा डोळ्यांना अधिकच नेमकी कळते. तो तिसरा आज जवळ सरकला होता. मास्क काढून, पुन्हा चढवून, नाकाने फुंकर घालत आतले पाणी बाहेर काढायचे, हा पाठ चालू होता. ऊनाची त्रेधा उडाली. एथेलबर्टने तिचे दोन्ही खांदे धरून तिला सावरले. मार्वाची पाळी अजून यायची होती, पण तिने उतावळेपणाने मास्क आधीच काढला होता. आणि त्याने वळून पाहिले तोवर ती शांतपणे तो पुन्हा लावून बसलीही होती.

होडीत चढल्यावर ती म्हणाली, "मास्तर, तुम्ही हात धरलात म्हणून निभावलं हो. नाहीतर मी अर्धा समुद्र पिऊन बसले असते."

एथेलबर्टने आपल्या हातांकडे पाहिले. त्या वेळी ते दोन्ही ऊनाच्या खांद्यांवर होते.

"हात मात्र भारी गार तुमचा," मार्वा म्हणाली.

"पाण्यात कुणाचा हात गरम असतो, वेडे?" ऊनाने तिला दटावले, आणि दोघी हसल्या. तोही हसला. सांगणार काय? सांगितले असते तर त्या घाबरल्या असत्या, आणि घाबरलेले माणूस श्वास रोखून वर धावते, छाती फाटून मरते, हे त्यानेच त्यांना पहिल्या दिवशी शिकवले होते.

शेवटची बुडी राहिली होती. पाठ होता हवा वाटून घेण्याचा. ज्याची हवा संपेल त्याने गळ्यावरून आडवा हात फिरवायचा. समोरच्याने आपली नळी त्याला द्यायची, आपण छातीवरची जादा नळी तोंडात घ्यायची, आणि एकमेकांचे दंड धरून सावकाश वर यायचे. खरे की सराव, असे विचारायचे नाही. तो मागतो आहे, एवढे पुरे. हा नियम शिकवताना एथेलबर्टचा आवाज नेहमी प्रवचनकारासारखा गंभीर होई.

वाळूवर ऊना आणि मार्वा समोरासमोर बसल्या. तिसरा एकटा राहिला. त्याने सावकाश मान वळवली, एथेलबर्टकडे पाहिले, आणि गळ्यावरून आडवा हात फिरवला.

एथेलबर्ट थिजला. आईचे शब्द त्याच्या मनात होते, जॉयसलिनचेही होते. पण आपल्याच हाताने शिकवलेले ते मागणे समोर उभे होते, आणि दोन शिष्या डोळे मोठे करून मास्तर काय करतात ते पाहत होत्या. त्या तरी कुणाकडे पाहत होत्या, हे त्याला कधीच कळले नाही. त्याने तोंडातली नळी काढली आणि पुढे केली.

तिसऱ्याने त्याचा दंड धरला, नळी घेतली आणि खोल श्वास घेतला. बऱ्याच काळाने घरी आलेल्या माणसाने उंबऱ्यात घ्यावा तसा तो श्वास होता. एथेलबर्टचा हात जादा नळीकडे गेला. छातीवर नळी नव्हती, पाठीवर टाकीही नव्हती; दोन्ही आता समोरच्याच्या अंगावर होत्या. समोरच्याने त्याचा दंड हलकेच सोडला, बहिणींकडे वळून अंगठा वर केला, आणि त्या दोघी त्याच्यासोबत निघाल्या.

एथेलबर्टने उठायचा प्रयत्न केला. गुडघे वाळूत रुतले नव्हते, त्यांना कुणी धरलेही नव्हते. केवळ उठणे एवढेच त्यांच्यापाशी उरले नव्हते. वर, उजेडाच्या पत्र्यापलीकडे, लेनॉक्सचा हात खाली आला आणि त्याने एकेक करून तिघांना होडीत ओढून घेतले. होडीच्या यंत्राची घरघर दूर गेली. आपण कधीपासून श्वास घेतलेला नाही आणि तो हवासाही वाटत नाही, हे त्याला मग जाणवले. त्याने प्रभूचे नाव घेतले. तेवढे अजून घेता येत होते.

सकाळी पाणी निळे झाले आणि नवी माणसे उतरली. त्यांच्या पुढे एथेलबर्टचेच खांदे, त्याचीच संथ पोहण्याची ढब. मास्तरांनी सर्वांना रांगेत बसवले आणि बोटे जुळवून एकेकाला विचारीत आले. एथेलबर्ट रांगेच्या टोकाला, हातभर अंतर राखून, पाठ ताठ करून बसला; उत्तरासाठी त्याची बोटे जुळलेलीच होती. मास्तर शेवटच्या शिष्यापाशी आले, त्याला विचारले, आणि या बाजूला अजिबात न पाहता, न पाहण्याची फार काळजी घेत, मागे वळले.

ऐकणाऱ्या सर्वांचे कल्याण असो. प्रत्येक घरात सांजेचा दिवा लागो, चुलीवर अन्न शिजो, लेकराबाळांना उदंड आयुष्य लाभो; आणि सकाळी तुमच्या घरातून जो निघाला असेल, संध्याकाळी तोच घरी परत येवो.