पन्नास म्हणजे पन्नास

आपण कागदावर काढलेल्या पाणबुडीत एक दिवस आपल्यालाच बसावं लागेल, असं एनो हार्म्सच्या स्वप्नातही आलं नव्हतं. कीलच्या एका कारखान्यात तो नकाशे काढायचा. पहिलं महायुद्ध पेटलं आणि आरमाराला किनाऱ्यालगत फिरणाऱ्या छोट्या पाणबुड्या हव्या झाल्या, त्याही हातोहात. शिवाय त्या तुकड्यातुकड्यांनी मालगाडीवर चढवून, डोंगरांतले बोगदे ओलांडून थेट एड्रियाटिक समुद्रावर न्यायच्या होत्या. वजन कमी करा, वजन कमी करा, एवढा एकच जप चालला होता. मग पत्रा पातळ झाला, आतल्या लोखंडी बरगड्या विरळ झाल्या. पुढे हार्म्सला सैन्याचं बोलावणं आलं आणि कुणा हुशार कारकुनाने त्याला त्याच्याच बोटीवर धाडलं. सरकारी डोकी सगळीकडे सारखीच चालतात.

बोटीत चौदा माणसं. सरळ उभं राहिलं की डोकं आपटे, पावाच्या तुकड्यालाही डिझेलचा वास येई आणि प्रत्येक टेंगूळ हार्म्सच्या खात्यावर जमा होई.

"पेन्सिल, इथे वीतभर रेघ जास्त ओढली असतीस तर तुझ्या बापाचं काय गेलं असतं?" जाडजूड इंजिनमास्तर बॉयसन त्याला रोज विचारायचा. हार्म्स मान खाली घालून हसायचा. त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते ऐकायला कुणाला वेळ होता?

त्या दिवशी सकाळी ते ओत्रांतोच्या सामुद्रधुनीतून कात्तारोच्या आपल्या नाविक तळाकडे परतत होते. शत्रूच्या मासेमारी बोटी तिथे पोलादी जाळी सोडून बसलेल्या असत. पाण्याखाली जाताना बोटीचं नाक अशाच एका जाळ्यात घुसलं. कप्तान टेडसनने बोट मागे घेऊन नाक सोडवलं खरं, पण त्यात बॅटरी जवळजवळ रिकामी झाली. पुन्हा खाली जाऊन पाहिलं, तर पंचेचाळीस मीटरवरही तारा टपाला खरवडत होत्या. वर शत्रूच्या बोटींच्या पंख्यांची घरघर चालूच होती.

टेडसन सरळ माणूस होता. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "वर गेलो तर तोफा आहेत. हात वर केले तर कदाचित जीव वाचेल, कैदेत बसू. नाहीतर आणखी खाली जायचं, जाळ्याच्या खालून. पेन्सिल, बोट तू काढलीस. किती सोसेल ही?"

हार्म्सच्या हातात बोट वरखाली करणारं चाक होतं आणि डोळ्यांसमोर खोलीचा काटा. खोटं सांगितलं तर चौदा जण मरतील, आणि खरं सांगितलं तरी तोफांखाली मरतील कदाचित. तो म्हणाला, "पन्नास, साहेब."

कुणीतरी सुटकेचा श्वास टाकला. बॉयसन तर चक्क हसला. "पन्नास म्हणतोय ना? मग सत्तर धरा. कारखान्यातली माणसं शिंप्यासारखी असतात, साहेब. शिवणीत चार बोटं कापड दडवून ठेवतात."

"दडवलेलं काही नाहीये," हार्म्स घाईने म्हणाला. "इतर बोटींत असतं. इथलं सगळं मालगाडीसाठी वजन कमी करण्यात गेलं. पन्नास म्हणजे पन्नासच, साहेब."

"तुम्ही लोक असंच बोलता रे," टेडसन समजुतीने म्हणाला. "आणि तसंच बोलायला हवं. पण साठाला हरकत नाही. घे खाली."

चाक तसंच धरून ठेवावं, असं हार्म्सच्या मनात येऊन गेलं. पण काटा सगळ्यांना दिसत होता. त्याला कीलला असलेली त्याची बायको टेल्सा आठवली आणि त्याने चाक फिरवलं.

पन्नासला टपावरचं खरवडणं चालूच होतं. पंचावन्नला पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांतून पाणी झिरपायला लागलं, बरगड्यांवरचा रंग पापुद्र्यांनी गळू लागला. आचाऱ्याने दोन भिंतींच्या मध्ये ठोकून बसवलेली फळी कमानीसारखी वाकली आणि कप घेऊन खाली आली. बॉयसन छातीवर क्रूस काढत होता. साठाला खरवडणं थांबलं. बोट रांगत रांगत पुढे गेली, आणि बऱ्याच वेळाने टेडसन म्हणाला, "वर घे."

दुपारी ते कात्तारोच्या खाडीत लागले. ऊन होतं, धक्क्यावर अंजिरं विकायला आली होती. आचारी ती पडलेली फळी पुन्हा बसवायला गेला, तर फळी बसेना. "ओलीने फुगली मेली," असं म्हणत त्याने करवतीने तिचं एक टोक कापून टाकलं. तो तुकडा उचलून हार्म्स धावतच टेडसनकडे गेला. तिथे टेडसनच्या शेजारी तशाच बनावटीच्या जोडीच्या बोटीचा तरुण कप्तान बसला होता आणि बॉयसन सगळ्यांना दारू ओतत होता.

"साहेब, फळी फुगलेली नाही. भिंती आत आल्यात. बरगड्या वाकल्यात. आता ही बोट चाळीससुद्धा सोसणार नाही."

तरुण कप्तानाने भुवया उंचावल्या. "चाळीस? मग तुम्ही साठ कसे गेलात?"

"हा चाळीस म्हणाला की साठ समजायचं," टेडसन म्हणाला, आणि सगळे खदखदून हसले. तरुण कप्तानही हसला. "म्हणजे माझीही जाईल तर साठापर्यंत."

"जाणार नाही," हार्म्स म्हणाला. "तुमचीही नाही."

टेडसनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात खरी माया होती. "उद्या सकाळी पुन्हा निघायचंय. आणि ऐक, यापुढे मी तुला खोली विचारणारच नाही. उगीच तुझ्या जिवाला घोर."

भर उन्हात उभा असूनही हार्म्सला वाटलं, बोटीचं झाकण कधीच बंद झालंय आणि वरून कुणीतरी ते घट्ट करतंय. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"रड बाबा, रड," बॉयसन त्याचा पेला भरत म्हणाला. "मेलेला माणूस जिवंत परत आला की रडतोच."