काचा स्वच्छ होत्या

मित्रांनो, वयाने मी तुमच्या आजोबांच्या बरोबरीची. अंगावरचे काळे कातडे ठिकठिकाणी सोललेले, गळ्यातला पट्टा दोनदा बदललेला, आणि मधले चाक फिरवायला जरा घट्ट. पण माझ्या काचा अजून स्वच्छ आहेत. मी एक जुनी दुर्बीण, आणि दुर्बिणीने आपल्या काचांबद्दल खोटे बोलले तर तिच्याजवळ उरते काय? तेव्हा जसे पाहिले तसेच सांगते. ऐकायला फारसे सुखाचे नाही.

माझा जन्म एका सरकारी कारखान्यात झाला. पांढरे डगले घातलेल्या माणसांनी माझ्या पोटात काचेचे तुकडे बसवले. उजव्या काचेवर बारीक रेघा कोरल्या. त्या रेघांवरून तोफखान्याचे लोक अंतराचा अंदाज घेत. कितीतरी वर्षे मी सैनिकांच्या छातीवर लोंबकळले, वाळूत तापले, थंडीत गारठले, आणि शेवटी मुरारच्या छावणीत जुन्या सामानाच्या लिलावात निघाले. तोफखान्याला माझे काही वाईट वाटले नाही. मलाही त्याचे वाटले नाही. जे दिसेल ते पाडायचे, हा धंदा मला कधी आवडलाच नव्हता.

लिलावातून मला सुभेदार दौलतसिंह यांनी उचलले. निवृत्त होऊन ते शिंदे की छावनी नावाच्या मोहल्ल्यात राहत होते. त्यांनी मला आपले शेजारी रमाकांतराव यांना देऊन टाकले. रमाकांतराव पाटबंधारे खात्यात नकाशे काढत. केसाएवढी रेघ ओढणारा माणूस. डोळे असे, की समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडाला चीर गेली असेल तर इकडून सांगायचे. त्यांना पक्ष्यांचा नाद होता. मला पहिल्यांदा डोळ्यांना लावून त्यांनी समोरची गच्ची, झाडे, आकाश सारे पाहून घेतले. मग हळूच म्हणाले, "दौलतसिंह, ही तर सोनं आहे सोनं!" तोफखान्यात मला असे कोणी म्हटले नव्हते. मी त्याच दिवशी त्यांची झाले.

पावसाळा सरला की हिमालयाच्याही पलीकडून शिकारी पक्षी दक्षिणेकडे निघतात. ससाणे, खरुच्या, कधी नेपाळी गरुड, आणि गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारे लांब पंखांचे भोवत्या पक्षी. आमच्या शहरातल्या लष्कर भागाच्या कडेला एक उघडी टेकडी आहे. उन्हाने तिचा कातळ तापला की गरम हवा वर चढते, आणि हे पक्षी पंख न हलवता त्या हवेवर गिरक्या घेत उंच जातात. तिथून ते दक्षिणेकडे असे सुटतात की बघता बघता ठिपका होतात. रमाकांतरावांनी ठरवले की हे सगळे मोजायचे. का, असे कोणी विचारले तर म्हणत, "अरे, पाहुणे दारावरून जातात आणि आपल्याला किती आले तेही माहीत नको?"

नवरात्र बसले की आमची मोजणी सुरू होई आणि दिवाळीपर्यंत चाले. नाश्ता झाला की टेम्पोने टेकडीच्या पायथ्याशी जायचे आणि वर चढायचे. बरोबर त्यांच्या पत्नी सीमंतिनीबाई असत. त्यांच्या मांडीवर पत्र्याचा डबा आणि ओच्यात चिंचोके. रमाकांतराव मला डोळ्यांवरून खाली घेत नसत; नुसते ओरडत, "तीन! अजून एक! पाच!" आणि सीमंतिनीबाई तितके चिंचोके डब्यात टाकत. संध्याकाळी चिंचोके मोजले की दिवसाचा आकडा निघे. बाई स्वतः माझ्यातून कधी पाहत नसत. "दोघं वर बघत बसलो तर डबा कोण बघणार?" असे त्या म्हणायच्या.

रमाकांतरावांचा एक नियम मोठा कडक होता. शहराच्या उत्तरेकडच्या किल्ल्याच्या बाजूने येऊन दक्षिणेकडे पार गेला, तोच पक्षी मोजायचा. गावातल्या घारी तर अजिबात नाही. पक्षी फारसे न आलेल्या एका दिवशी सोबत आलेले दौलतसिंह चेष्टेने म्हणाले, "रमाकांतराव, टाका न दोन-चार घारी त्यात. वर कोण चेक करायला येऊन राहिलं आहे?"

"आज घार घातली की उद्या कावळा घालाल," रमाकांतराव गरजले. "मग मोजायचं कशाला? घरी बसून आकडा लिहून टाकू न!"

दौलतसिंहांनी कान पकडले. सीमंतिनीबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

काय दिवस होते ते! दसऱ्याच्या सुमारास एखाद्या सकाळी आकाशात मूठभर मिरी उधळावी तसे पक्षी दिसत. बाईंचे चिंचोके संपून जात आणि मग त्या खडे वेचत. दिवाळीनंतर रमाकांतराव वर्षाचा आकडा पक्षी-अभ्यासकांच्या एका मंडळाला कळवत. तिथून कौतुकाचा निरोप येई. त्या रात्री ते मला मऊ मलमलीने पुसत आणि कपाटात देवाच्या तसबिरीशेजारी ठेवत.

पक्षी कमी कधी होऊ लागले ते एका दिवसात कळले नाही. एका वर्षी खडे वेचावे लागले नाहीत. नंतर ओच्यातले चिंचोके उरू लागले. नंतर डब्याचा तळ दिसत राहिला. उत्तरेला गवताचा मोठा माळ होता. भोवत्या पक्षी रात्री त्या गवतात उतरत आणि सकाळी तिथून उठत. तिथे चुन्याच्या रेघा पडल्या, मग प्लॉट पडले, मग भिंती आल्या. त्यापलीकडे दगड फोडायची यंत्रे बसली आणि धुळीचा पडदा दिवसभर उभा राहू लागला. मला हे सगळे दिसत होते. रमाकांतरावांनाही दिसले असते, पण ते मला खाली वळवतच नव्हते. त्यांना फक्त आकाश हवे होते.

दौलतसिंह मुलाकडे इंदूरला राहायला गेले. त्या वर्षी नवरात्र संपत आले तरी डबा रिकामा होता. तेव्हा रमाकांतरावांचा संशय प्रथम माझ्यावर आला.

मला राग आला नाही. उलट मनात म्हटले, देवा, असेच असू दे. माझ्या पोटात बुरशी धरलेली निघू दे, काच सरकलेली निघू दे. मी भंगारात जाईन, पण पक्षी तरी असतील. बाड्याजवळच्या बाजारात कॅमेरे दुरुस्त करणारा अंशुल आहे, त्याने मला पूर्ण उघडले. दिवा लावून आतबाहेर पाहिले. मग मला रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पाटीवर रोखून म्हणाला, "अंकल, इसमें तो कोई खराबी है ही नहीं। देखिए, फोन नंबर तक साफ दिख रहा है।"

आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्या स्वच्छ काचांची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर रमाकांतरावांनी मला गळ्यातून काढून सीमंतिनीबाईंच्या हातात दिले. "तू बघ," ते म्हणाले. "माझे डोळे गेले असतील. डॉक्टर मागेच मोतीबिंदूचं म्हणून राहिली होती. तू बघ आणि सांग."

बाईंनी मला डोळ्यांना लावले. मी माझ्याकडून होईल तेवढे सारे आकाश त्यांच्यासमोर धरले. किल्ल्यापासून दक्षिणेपर्यंत त्यांनी मला सावकाश फिरवले. धूळ होती, एक विमान गेल्याची रेघ होती, बाकी काही नव्हते. शेजारी रमाकांतराव निकाल ऐकायला उभे राहावे तसे उभे होते. बाईंच्या पापण्या माझ्या काचेला ओल्या लागल्या.

"सहा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सहा आहेत हो. भोवत्या. किल्ल्याकडून येऊन राहिले आहेत."

मी ओरडू शकले असते तर ओरडले असते. रमाकांतराव मात्र तिथेच कातळावर बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. "म्हणजे माझेच डोळे गेले! अगं, माझेच गेले! पक्षी आहेत!" आंधळेपणाचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. बाईंनी सहा चिंचोके डब्यात टाकले. त्या वर्षीचा आकडा मंडळाला गेला तो सहा.

रमाकांतरावांनी मोतीबिंदूचे ऑपरेशन करायचा हट्टच धरला. डॉक्टर गरिमा म्हणाली, "अंकल, अभी इतनी जल्दी नहीं है।" पण ते ऐकतात कसले! हिवाळ्यात एक डोळा झाला, होळीनंतर दुसरा. मग काय विचारता! सुईत दोरा ओवून दाखवत, घरातल्या धुळीवरून बोलत, पंचांगातली बारीक अक्षरे मोठ्याने वाचत. एकदा सीमंतिनीबाईंकडे टक लावून म्हणाले, "तू कधी म्हातारी झालीस गं? मला तर कळलंच नाही." भेटेल त्याला सांगत की येत्या दसऱ्याला या, टेकडीवर घेऊन जातो.

बाई मात्र ते वर्षभर वाळत गेल्या. घरात कोणी नसले की त्या कपाट उघडत, मला बाहेर काढत आणि नुसत्या हातात धरून बसत. एकदा तसबिरीकडे पाहून म्हणाल्या, "देवा, जास्त नाही मागत. सहा तरी पाठव." त्यांचे खोटे मी त्या वेळी माफ करून टाकले. ते प्रेमाने बोललेले होते. पण प्रेमाने बोलले म्हणून आकाशात पक्षी येत नाहीत, हे मला ठाऊक होते आणि त्यांनाही.

नवरात्र बसले. ऊन लख्ख होते. रमाकांतराव टेकडी जवळजवळ धावतच चढले. मला डोळ्यांना लावले आणि मी त्यांच्या नव्या डोळ्यांत पाहिले. खरेच, तरुणपणी होते तितके ते स्वच्छ झाले होते. त्यांनी आकाश पाहिले. परत पाहिले. दुपार झाली. बाई डबा घट्ट धरून खाली मान घालून बसल्या होत्या. अष्टमीपर्यंत आम्ही रोज गेलो आणि रोज तेच झाले. अष्टमीच्या दुपारी त्यांनी मला पहिल्यांदाच खाली वळवले. गवताचा माळ कुठे होता ते शोधले. भिंतींवरून, टाक्यांवरून, धुळीवरून मला बराच वेळ फिरवत राहिले.

मग वळून शांतपणे विचारले, "मागच्या वर्षी किती होते गं?"

"एकही नव्हता," सीमंतिनीबाई म्हणाल्या. "तुम्ही इतके परेशान होता... मला नाही बघवलं."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी खिशातून फोन काढला, तिथेच उभे राहून मंडळाला लावला आणि म्हणाले, "मागच्या वर्षी सहा लिहवले होते, ते काढून टाका. शून्य करा. चूक आमची आहे." पलीकडचा माणूस काही विचारत होता, पण त्यांनी फोन ठेवला. मला वाटले, आता हे दोघे पुन्हा टेकडी चढणार नाहीत. मी कपाटात पडून राहीन आणि माझे दिवस संपतील.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला गळ्यात घातले. बाईंनी डबा उचलला तर म्हणाले, "तो राहू दे." वर पोचल्यावर ते कातळावर बसले, मला बाईंच्या हातात दिले आणि आपले दोन्ही डोळे मिटून घेतले.

"बघ," ते म्हणाले. "आणि सांग."

"अहो, काय सांगू?"

"मागच्या वर्षी सांगितलं होतं न, तसंच. हे लिहवायचं नाही कुठे. फक्त मला सांग."

बाईंनी मला वर केले. किल्ल्यापासून दक्षिणेपर्यंत मला फिरवले; आकाश रिकामे होते.

"सहा आहेत," त्या म्हणाल्या.

"घारी तर नाहीत न?"

"नाही हो. घारी मला ओळखता येतात आता."

"कसे जाताहेत?"

"वर चढून राहिले आहेत, गोल गोल. आता निघाले."

ते हसले. एका घारीसाठी मित्रावर गरजणारा हा माणूस! मला त्यांचा तो हसरा चेहरा पाहवला नाही. पण दुर्बिणीला पापण्या नसतात.

मित्रांनो, मला ओल लागू देऊ नका, मला पाडू नका, असे सांगून मी हे संपवावे अशी तुमची अपेक्षा असेल. पण मला जपून काय होणार? काच कितीही पुसली तरी तिच्यातून पक्षी निघत नाही. जपायचे असेल तर जिथे तो रात्री उतरतो ते गवत जपा. तुमच्या गावाबाहेर एखादा माळ अजून उरला असेल तर त्याला रिकामी जागा म्हणू नका, आणि कोणी म्हणत असेल तर त्याच्याशी भांडा. नाहीतर चांगले डोळे मिटून बसायची पाळी तुमच्यावरही येईल.

आणि हे लवकर करा. आम्ही अजून रोज वर जातो. सीमंतिनीबाई आता एकेक वाढवून सांगू लागल्या आहेत. आज त्यांनी अकरा सांगितले. माझ्या काचेत एकही नव्हता.