गडग्यावरून आणलेली पानं

पाडव्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे कोणाच्या आंब्याचा टहाळा कोणाच्या दारावर चढेल, काही सांगता येत नाही. स्वतःच्या परसात झाड असलेला माणूससुद्धा आधी शेजाऱ्याच्या फांदीकडे बघतो. कोणी हटकलंच, तर उत्तर तयार असतं, "सणाची पानं ती! त्यांना काय विचारायचं?"

मिरजोळ्याच्या दर्शनालाही असंच वाटायचं. ती रत्नागिरीत एका कचेरीत कारकून. नवरा सुहास मुंबईला नोकरीला, पाडव्याला सकाळच्या गाडीने यायचा होता. शनिवारची सुट्टी साधून तिने घरामागच्या चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, पाय दिला आणि पलीकडच्या बागेतल्या महिपतकाकांच्या हापूसच्या कलमाचे चार टहाळे ओढणीत गुंडाळून आणले. शेजारच्या गोदाकाकू तेवढ्यात अंगणात आल्या. त्यांना तिने ठोकून दिलं, "माहेराहून आलेत, काकू. घ्या ना दोन तुम्हालाही!"

मग पडवीत तोरण सुरू झालं. पान दुमडायचं, झाडूच्या हिराने टोचायचं, मध्ये झेंडूचं फूल ओवायचं. पानांवर पांढुरके ठिपके होते. धूळ असेल, म्हणून दर्शनाने ते फडक्याने पुसले. सात वर्षांची लेक शमिका मात्र पानांच्या पिपाण्या करण्यात दंग होती. पान गुंडाळायचं, टोक दाताने चेपायचं आणि फुंकायचं. एक फाटली की दुसरी. घरभर नुसता पीं पीं आवाज.

तासाभराने तो थांबला.

"आई, मळमळतंय," शमिका म्हणाली आणि तिथेच ओकली. दर्शनाने तिला उचललं, तर पोरगी घामाने भिजलेली. तोंडातून लाळ गळत होती, पुसली तरी थांबत नव्हती. "काकू! धावा हो!" ती ओरडली.

रिक्षात गोदाकाकूंनी शमिकाचे पाय मांडीवर घेतले होते आणि देवाचं नाव घेत होत्या. दर्शनाला एकच दिसत होतं, त्या पानांवरचे पांढुरके ठिपके. आता तिला कळलं होतं, ती धूळ नव्हती! पण ते मनातसुद्धा नीट म्हणायची तिला भीती वाटत होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी शमिकाच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"काय खाल्लं हिने?"

"काही नाही. आंब्याच्या पानाची पिपाणी वाजवत होती."

"कुठली पानं?"

दर्शनाने गोदाकाकूंकडे पाहिलं. "माहेरची."

"फवारणी झालेली?"

"नाही. तिकडे कोणी फवारत नाही."

डॉक्टरबाई शमिकावर वाकल्या. "बाळा, पानं कुठून आणली होती गं?" शमिकाने अर्धवट डोळे उघडून आईकडे पाहिलं आणि मान वळवली.

नर्सने सुई टोचली. पण पोरीच्या छातीत आता घरघर लागली होती. सांगावं, तर काकूंसमोर खोटी पडणार. सोमवारी कचेरीत कळणार, महिपतकाका वाडीभर करणार, सुहासला तोंड कसं दाखवायचं? आणि न सांगावं, तर? त्या 'तर'पुढे तिला विचारच करवत नव्हता.

डॉक्टरबाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "ताई, हिच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्यात. हे फवारणीचंच आहे. मी उपचार सुरू केलेत, पण फवारलेलं औषध नेमकं कोणतं ते कळायला हवं. मीही इथलीच आहे. पाडव्याला पानं कुठून येतात, मला ठाऊक आहे. तुमची अब्रू गेली तर चार महिन्यांनी परत येईल. हिचा श्वास गेला तर परत येईल का?"

"चोरली मी!" दर्शना किंचाळली. "महिपतकाकांच्या बागेतली चोरली! काकू, मी खोटं बोलले हो!"

तिला फोन धरवेना. गोदाकाकूंनीच तिच्या फोनवरून महिपतकाकांना लावला आणि तिच्या कानाशी धरला.

"काय गो दर्शना?" पलीकडून महिपतकाका म्हणाले. दर्शनाने सगळं सांगितलं. तसे ते म्हणाले, "अगो, काल सांजचीच फवारणी केली! फाटकावर एवढी मोठी पाटी लावलीय ती बघितली नाय?" फाटकाने गेलंच होतं कोण! "थांब. बाटलीचा फोटो धाडतो. मागोमाग मी येतोच. घाबरू नको गो."

फोटो आला. डॉक्टरबाईंनी नाव वाचलं आणि नर्सला भराभर सूचना दिल्या. गोदाकाकूंनी घरी फोन करून स्वतःचं तोरण उतरवायला लावलं आणि सगळ्यांना हात धुवायला सांगितलं. मग नुसती वाट बघणं. महिपतकाका बाटली पिशवीत घेऊन बाकावर बसले होते.

"काका, मला माफ करा."

"चार टहाळ्यांनी माझी बाग सुकत नाय गो. इचारलं असतंस, तर विहिरीकडच्या रायवळ आंब्याची पानं दिली असती. त्याला मी औषध मारत नाय. मागायला आलेल्या माणसाला धोका सांगता येतो. चोरून नेणाऱ्याला कोण सांगणार?"

संध्याकाळी घरघर थांबली. डॉक्टरबाई पहिल्यांदाच हसल्या. "धोका टळला!" त्या म्हणाल्या. दर्शना भिंतीला टेकून मोठ्याने रडली.

थोड्या वेळाने शमिकाने डोळे उघडले. आईला जवळ ओढून ती कानात पुटपुटली, "आई, तू म्हणालीस ना, गडग्याचं कोणाला सांगू नको? मी डॉक्टरांनाही नाही सांगितलं हां."

शाबासकीसाठी ती आईच्या तोंडाकडे बघत होती. जीव जायची वेळ आली तरी पोरीने तोंड उघडलं नव्हतं, आणि हे तिला आईनेच शिकवलं होतं.

"चुकलं माझं, बाळा," ती म्हणाली. "यापुढे सगळं सांगायचं. आईने नको म्हटलं तरी सांगायचं."

मंडळी, पान मागायला लाज कसली? लाज वाटावी ती न विचारता घेण्याची, आणि त्याहून जास्त, ते लपवायला लेकरांना शिकवण्याची!