अर्धी कडी

शिशाची कडी एका बाजूला नखाएवढी जाड होती आणि दुसऱ्या बाजूला नव्हतीच. आर्डिथने ती चिमट्याने उचलून पांढऱ्या बशीत ठेवली. आधीच्या पाचही तशाच निघाल्या होत्या, अर्ध्या.

बंदुकीची दारू न भरता ती नव्या साच्यात ओतलेल्या गोळ्या आपल्या जुन्या, ठासणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घालून बघत होती. दट्ट्याने दाबताना गोळी सरळ असली की तिच्या कडेचं शिसं सगळीकडून सारखं तासलं जातं आणि अखंड कडी बाहेर पडते. कडी अर्धी, म्हणजे गोळीला एका अंगाने फट. त्या फटीतून आग शेजारच्या चेंबरमधल्या, म्हणजे दुसऱ्या गोळीच्या खाचेतल्या दारूला लागली, तर दोन-तीन बार एकदम उडतात, हातातच.

तिने गोळीचं बूड मोजलं. ते चेंबरमध्ये अलगद उतरायला हवं. इथे ते इंचाच्या तीन सहस्रांशांनी मोठं होतं, म्हणून गोळी तिरकी शिरत होती.

मिसूरीच्या या डोंगरात तिचा नवरा व्हर्लिन एक्केचाळीस वर्षं साचे कातत होता. गेले दोन हिवाळे त्याला लेथवरचे आकडे नीट दिसत नव्हते. साचा लहान कातला गेला, तर तो दुपारी झोपला की ती आतून घासून माप जुळवायची. मोठा झाला तर इलाज नव्हता. घासून धातू कमी होतो, वाढत नाही. असे दोन साचे तिने ‘हातून पडले’ म्हणून भंगारात टाकले होते. त्याने लगेच दुसरे कातायला घेतले होते.

आज साचा न्यायला डेल्मर प्रुएट आला होता. शनिवारी नेमबाजीचा सामना होता.

“झालं का, आर्डिथ? माझं रिव्हॉल्व्हर घरी रुसून बसलंय.”

तिने चिमटा खाली ठेवला.

“हाही पाडलास की काय?” टेबलापलीकडून व्हर्लिन हसला. “डेल्मर, चाळीस वर्षं पोरांना रसायन शिकवलं हिने, एक परीक्षानळी शाबूत ठेवली नसेल! घोर नको करूस. शुक्रवारपर्यंत दुसरा कातून देतो.”

दुसरा. मग तिसरा. आर्डिथला पुढचं सगळं दिसत होतं आणि ते थांबवायला त्या कड्यांखेरीज तिच्या हातात काहीच नव्हतं. तिने बशी व्हर्लिनपुढे सरकवली.

त्याने कडी डोळ्यांजवळ नेली नाही. अंगठ्याने चाचपली. जिथे ती संपली तिथे अंगठा थांबला.

“किती?”

“तीन.”

“मग घासून टाक की, मास्तरीणबाई. नेहमी घासतेस तसं.”

म्हणजे त्याला ठाऊक होतं. दोन्ही हिवाळे तो दुपारी डोळे मिटून नुसता पडून राहत होता.

“मोठं झालंय, व्हर्लिन.”

डेल्मर टोपी हातात घेऊन दाराबाहेर बघत राहिला. व्हर्लिन कडी अंगठ्याखाली फिरवत होता. ती मऊच होती, चपटी झाली.

“चष्मा बदलला तर...” तो म्हणाला.

“नाही,” आर्डिथ म्हणाली. “यापुढे तू साचे कातायचे नाहीस.”