पट्टा उलटून बघा

मी एक पाण्याची बाटली बोलतेय. हल्लीच्या त्या रंगीत, हातात घेतली की चेपणाऱ्या बाटल्यांमधली नव्हे. मी पोलादी, दुहेरी भिंतीची. अंगावर जाड खाकी आवरण, त्याला एक खिसा, आणि खांद्याला अडकवायला पट्टा. सकाळी भरलेलं पाणी माझ्या पोटात संध्याकाळपर्यंत गार राहतं. सध्या माझा मुक्काम दाराजवळ, भंगाराच्या पोत्यात, एका फुटक्या बादलीखाली आहे. भंगारवाला शनिवारी येतो आणि आज शुक्रवार आहे, म्हणून जरा घाईत सांगते.

कारखान्यातल्या जन्माबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ठोकलं, वळवलं, तापवलं, झालं. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते एका इस्पितळाच्या धुलाईघरात. तिथे एक बाई एकतीस वर्षं फाटक्या चादरी शिवत होती. सगळे तिला आत्या म्हणत. ती निवृत्त झाली तेव्हा बाकीच्या बायकांनी वर्गणी काढून मला तिला भेट म्हणून दिलं. दुकानात जाऊन मला निवडलं आणि हे आवरण आपल्या हाताने शिवलं ते तिच्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने. तिचं टोपणनाव फुली.

नाव कसं पडलं तेही सांगते, कारण पुढे ते लागणार आहे. त्या धुलाईघरात प्रत्येकीने शिवलेल्या चादरीवर लाल दोऱ्याने आपली खूण घालायची, म्हणजे शिवण उसवली तर ओरडा कुणाला द्यायचा ते मुकादमाला कळे. आत्याची खूण तीन उभे टाके, मैत्रिणीची फुली. खूण नेहमी आतल्या बाजूला, रोग्याला दिसू नये अशी.

वर्षभराने फुलीही निवृत्त झाली आणि आपल्या गावी निघून गेली. ते गाव देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. जाताना म्हणाली, "बाटली दिलीय ती कपाटात ठेवायला नाही. ये."

आत्याने ते मनावर घेतलं. देश अफाट आणि वर्षातले नऊ महिने तव्यासारखा तापलेला. पण निवृत्तीनंतरही ती इस्पितळाच्या आवारात जाऊन बसायची आणि लांबून आलेल्या नातेवाइकांकडून एकेक माहिती काढायची. कुठल्या गाडीत सकाळी उजवीकडे बसायचं आणि दुपारनंतर डावीकडे, म्हणजे ऊन अंगावर येत नाही. कुठल्या स्टेशनच्या प्रतीक्षालयात फरशी गार असते. कुठला नळ दुपारीही चटका देत नाही. आठ दिवस, एक पिशवी, एक बाटली. सगळा प्रवास तिने एका कागदावर मांडला आणि तो कागद माझ्या खिशात ठेवला. शेवटची ओळ होती, 'दोन दिवस फुलीकडे.' ती ओळ वाचताना ती दर वेळी हसायची. मला ती फार आवडायची, हे कबूल करते.

आत्या भाच्याकडे राहायची. भाचा वाहन परवान्याची चाचणी घेणारा साहेब. दिवसभर माणसं नापास करायची आणि घरी येऊन जेवायचं, असा त्याचा क्रम. आत्याला एकटीला सोडणार नाही, म्हणाला. मी आणि ही पण येतो, तेवढीच आमचीही सहल. कागद त्याने दोनदा वाचला आणि म्हणाला, "आत्या, झकास केलंयस. पण तुझ्या वयाला हे ऊन झेपेल का? आपण चाचणी घेऊ."

रविवारी भर दुपारी आत्याला गच्चीवर स्टुलावर बसवलं. समोर मी, तोंडापर्यंत भरलेली. बारा ते तीन. पाणी मागितलंस तर नापास. भाचा स्वतः छत्री उघडून, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसला. मी पुष्कळ माणसं पाहिली, पण सख्ख्या आत्याला उन्हात वाळत घालणारा हा पहिलाच.

आत्याने माझ्याकडे बघितलंही नाही. मांडीवर हात ठेवून ती बसून राहिली. एकतीस वर्षं बॉयलरशेजारी काढलेल्या बाईला ऊन कसलं दाखवता? दीड वाजता भाच्यानेच माझं झाकण उघडलं. अडीच वाजता मी रिकामी होते. तीनला आत्या उठली, तिने स्टूल उचललं आणि विचारलं, "झालं? चहा टाकू?"

संध्याकाळी जेवताना भाचा म्हणाला, "मानलं बुवा! आमच्यापेक्षा ठणठणीत आहेस तू. म्हणजे घर तुझ्यावर टाकून जायला काही काळजी नाही."

"खरंच हो," भाचेसून म्हणाली. "इतकं खंबीर दुसरं आहे कोण?"

आत्याचा घास हातातच राहिला. "म्हणजे? तिकिटं तीन काढायची होती ना?"

"दोनच काढलीत. शुक्रवारी."

चाचणी रविवारची, तिकिटं शुक्रवारची. आत्याने काही हिशेब विचारला नाही. ताटावरून उठली, हात धुतले आणि मला त्याच्यापुढे आणून ठेवलं. "हिला घेऊन जा. फुलीने निवडलेली आहे, ती ओळखेल. कागद खिशात आहे. सकाळी उजवीकडे बसा. आणि तिला सांगा, मला येऊ दिलं... नको, एवढंच सांगा की मी पुढच्या वर्षी नक्की येते."

प्रवास अगदी कागदाबरहुकूम झाला. ऊन लागलं नाही, फरशी गार मिळाली, नळ सापडले. डब्यातल्या माणसांनी कौतुक केलं की भाचा म्हणायचा, "डोकं लावावं लागतं, साहेब. नुसतं तिकीट काढून भागत नाही." मी त्याचं पाणी गार ठेवत होते. माझी लाज मला वाटते, पण गार कुणासाठी ठेवायचं हे बाटलीला कोण विचारतं? चौथ्या दिवशी त्याने मला सामानाखालून ओढलं आणि पट्टा तुटला.

फुली बस स्थानकावर पहाटेपासून उभी होती. भाचा उतरला, भाचेसून उतरली, तरी ती त्यांच्या मागे बसच्या दाराकडेच बघत राहिली.

"आणि ती?"

खरं सांगितलं तर ही बाई घरात घेईल की नाही, याची भाच्याला शंका असावी. दोन दिवसांचा फुकट मुक्काम होता. म्हणाला, "तिनेच नको म्हटलं. म्हणाली, आता भेटण्यासारखं काय उरलंय?"

भाचेसून चपलेचा पट्टा नीट करायला वाकली.

"असं म्हणाली?" फुलीने विचारलं. मग तिने माझ्याकडे हात केला आणि मला उचललं.

घरात दोन चटया शेजारी शेजारी अंथरलेल्या होत्या, एक तिची आणि एक आत्याची. आत्याच्या चटईवर भाचा दोन दिवस घोरला. फुलीने दोघांना पोटभर वाढलं, पण स्वतः जेवताना मी तिला बघितलं नाही. शेवटच्या दुपारी ते बाजारात गेले तेव्हा ती मला मांडीवर घेऊन बसली आणि तुटलेला पट्टा शिवला. शिवता शिवता बोलत होती, माझ्याशी म्हणा की आत्याशी. "मला लिहिता येत नाही. पत्रं टपालवाला लिहून देतो. हे त्याच्याकडून कसं लिहून घेऊ?" पट्ट्याच्या आतल्या बाजूला तिने लाल दोऱ्याने एक फुली घातली. तिच्याशेजारी बोटभर जागा मोकळी सोडली. "ते खोटं असेल तर इथे तुझे तीन टाके घाल आणि पट्टा परत पाठव. मी वाट बघते."

घरी पोचलो तेव्हा आत्या दारातच होती. "भेटली का?"

"कुलूप होतं घराला," भाचा म्हणाला. "शेजारी म्हणाले, कुठेतरी लांब गेली राहायला. पत्ता कुणालाच माहीत नाही. आम्हाला लॉजवर राहावं लागलं, उगाच खर्च."

"माझ्यामुळे खोळंबा झाला रे तुमचा," आत्या म्हणाली. वर तिनेच माफी मागितली! त्या दिवशी मी फुटले नाही, कारण पोलाद फुटत नाही.

तिने मला घासलं, पुसलं आणि खिळ्याला अडकवलं, फुली भिंतीकडे. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, आणि सोड्याच्या पाण्याने झिजलेल्या बोटांना टाका लागत नाही. चार महिने मी तशी लटकले. कुलूप लावलेल्या घराला पत्र कोण टाकणार? तिने टाकलं नाही. फुलीचंही आलं नाही. काल आत्यानेच मला खाली काढलं, म्हणाली, "आता कुठे जायचंय?" आणि पोत्यात टाकलं.

आत्ता संध्याकाळी भाचा आला. पोत्याचं तोंड बांधायला त्याला सुतळी सापडेना, म्हणून त्याने आत हात घालून माझा पट्टा ओढून काढला आणि त्या पट्ट्यानेच गाठ मारली. उद्या सकाळी आत्या हे पोतं ओढत दाराबाहेर नेईल. गाठीवर हात तिचाच असेल.

पट्टा सुलटा पडलाय की उलटा, ते मला आतून दिसत नाही. उद्या त्या दारावरून कुणी जात असाल तर माझ्यासाठी थांबू नका, मला भंगारात जाऊ द्या. फक्त तिला एवढं म्हणा, "आत्या, जरा गाठ उजेडात धरा."