स्वादुपिंडाचा रजेचा अर्ज

या, जरा पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेत तेही या. आज एका रजेच्या अर्जाची गोष्ट ऐकवायची आहे. देवाने माणसाच्या पोटात कोणाकोणाला नेमून ठेवलंय, ते कळलं की हात आपोआप जोडले जातात.

एका कचेरीत एक हेडक्लार्क होते. त्यांची रीत अशी, की फाईलचा शेवटचा रकाना बघायचा, आकडा बरोबर असला की 'निकाली' असा शिक्का मारायचा. मधली पानं त्यांनी वीस वर्षांत उलटली नव्हती. एकदा त्यांच्याच रक्ततपासणीचा कागद आला, त्यात साखर ब्याण्णव. त्यांनी त्यावरही शिक्का ठोकला आणि चहात तिसरा चमचा घातला.

दुसऱ्या दिवशी, डबा उघडायच्या आधी, समोरच्या स्टुलावर कोणीतरी येऊन बसलं. वीतभर लांब, पिवळसर, पिळून टाकलेल्या मोज्यासारखं.

"आम्ही तुमचं स्वादुपिंड. रजेचा अर्ज आणलाय."

एकटं असून ते स्वतःला 'आम्ही' म्हणत होतं. तिघांचं काम करणाऱ्याला तेवढा हक्क असतोच.

"आवक नंबर घेतलात?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"घेतला. साहेब, पूर्वी आम्ही एवढंसं इन्सुलिन पाठवलं की स्नायू दार उघडायचे, साखर आत घ्यायचे. आता तेवढ्याला दाद देत नाहीत. तिप्पट पाठवावं लागतं."

"पण साखर तर नॉर्मल आहे!"

"आहे नाही साहेब, ठेवलीय. आम्ही ठेवलीय."

हेडक्लार्कांनी चष्मा पुसला आणि शेरा लिहिला: 'काम सुरळीत चालू असल्याने रजेचे कारण दिसत नाही. नामंजूर.' खाली मान घालून, शर्टाच्या दोन बटणांमधून, स्वादुपिंड आपल्या जागी गेलं. तोवर साहेबांनी डबा उघडला होता ना.

संध्याकाळी खिसे तपासताना अर्ज बायकोच्या हाती लागला. तिने तो उभ्यानेच वाचला.

"अहो, हा शेरा तुमचा?"

"नियमाला धरून आहे."

"मी तापात दोन्ही वेळचं रांधते, तेव्हाही तुम्हाला घर सुरळीतच दिसतं! ते उद्या आडवं झालं म्हणजे? शिक्का मारणार त्याच्यावर?"

हेडक्लार्कांनी अर्ज मागून घेतला आणि पहिल्यापासून वाचला. हे गेलं तर साखर सांभाळायला दुसरं कोणी नाही, बदली माणूस मिळत नाही, हे त्यांना पहिल्यांदाच सुचलं.

सकाळी उपाशीपोटी दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी रक्त घेतलं, कंबर मोजली, रक्तदाब पाहिला. दोन दिवसांनी बोलावलं.

"साखर याही वेळी चांगली आहे. इन्सुलिन मात्र खूप वाढलंय, पोटाचा घेर आणि रक्तातली चरबीही वाढलीय. एकट्या इन्सुलिनच्या आकड्यावरून मी काही ठरवत नाही, पण सगळं जोडून पाहिलं की दिसतं, शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं झालंय."

"म्हणजे मधुमेह?"

"अजून नाही. स्वादुपिंड जोर लावतंय तोवर नाही. ते दमलं की साखर चढायला लागेल."

"मग त्याला महिनाभर रजा देऊ?"

"रजा नाही देता येत हो," बाई हसू दाबत म्हणाल्या, "काम हलकं करता येतं. गोड कमी, चालणं रोज, झोप पुरेशी. स्नायू हलले की ऐकायला लागतात. तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कांनी स्वादुपिंडाला स्वतःहून बोलावलं, स्टूल पुसून दिलं. जुना शेरा खोडून नवा लिहिला: 'पूर्ण रजा देणे शक्य नाही, याबद्दल खेद आहे. चहातली साखर व चारची बिस्किटे बंद. प्रत्येक जेवणानंतर अर्जदाराच्या मदतीस दोन पाय देण्यात येत आहेत.'

स्वादुपिंडाने तो दोनदा वाचला.

"पाय येतील ना हो वेळेवर? ते फार आळशी आहेत."

"मी स्वतः घेऊन येईन," हेडक्लार्क म्हणाले, आणि डबा संपताच कचेरीच्या लांब व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागले. लोकांना वाटलं, साहेबांची फाईल हरवली.

तर मंडळी, आज जेवून हात धुताना त्या बिचाऱ्याची एकदा आठवण काढा. नाव जरा जड आहे, पण मनात घेतलं तरी पोचतं.